मूळ ग्रीकमध्ये

“...पण गुरुजी, पाळकानेच मंडळीपुढे चूक कबूल केली, तर उद्या त्याचं कोण ऐकेल?”

एलीशा उजागरे गुरुजी ओसरीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसले होते. वय ब्याऐंशी. उभा जन्म त्यांनी पाळक होणाऱ्यांना शिकवण्यात घालवला होता. समोर बसलेला शांतवन त्रिभुवन त्यांचाच विद्यार्थी, आता निंबगावच्या चर्चचा पाळक.

“म्हणजे चूक झालीय,” गुरुजी म्हणाले.

शांतवन शेंगांकडे बघत राहिला.

झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी उपदेश करताना, योहानाच्या शुभवर्तमानातला, अडतीस वर्षं आजारी पडून असलेला तो माणूस शिलोहाच्या तळ्याकाठी होता, असं त्याच्या तोंडून गेलं. बायकांच्या बाकांवरून तबिथाबाई साळवे म्हणाल्या, साहेब, शिलोहाचं तळं त्या दृष्टी मिळालेल्या आंधळ्याचं. हा माणूस बेथेस्दाच्या तळ्यावरचा. तबिथाबाईंना अक्षर वाचता येत नाही. चर्चमध्ये गाणं मात्र त्याच धरतात.

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.

‘बरोबर’ एवढं म्हणून पुढं जाता आलं असतं. शांतवन म्हणाला, बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये शिलोहच आहे.

पुढच्या रविवारी त्याने त्यावर तासभर उपदेश केला. त्याच्या पुढच्या रविवारी तबिथाबाईंचं गाणं बंद केलं. शेवटी, त्या क्षमा मागत नाहीत तोवर त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार नाही, असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. तबिथाबाई यायच्या थांबल्या. मग त्यांची आळी थांबली. आता निम्मे बाक रिकामे असत.

“मूळ ग्रीकमध्ये?” गुरुजींनी विचारलं.

शांतवन एक शेंग उचलून सोलू लागला.

“ग्रीक तुला मीच शिकवलं. तू नापास झाला होतास.”

शांतवनला हसू आलं, ते त्याने दाबलं. तो आला होता चिठ्ठी मागायला. गुरुजींचा शब्द निंबगावात कोणी मोडत नसे. पाळकाचंच म्हणणं खरं, असं त्यांनी चार ओळींत लिहून दिलं की वाद मिटला असता.

गुरुजींनी हात पुसले, आत गेले, कागद-पेन घेऊन आले आणि त्याच्यासमोरच लिहायला बसले. शांतवनला इतक्या सहज होकाराची अपेक्षा नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि कागद पुढं केला.

‘निंबगावच्या मंडळीस सलाम. तो माणूस शिलोहाच्याच काठी होता. योहानाची लिहिताना चूक झाली.’

“घे. रविवारी वाचून दाखव.”

शांतवनने ते दोनदा वाचलं. मग त्याला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. हसू थांबलं, तरी पाणी थांबेना.

त्याने कागद फाडला. तबिथाबाईंची माफी मागतो म्हणाला. गुरुजींनी वाटेत खायला ओंजळभर शेंगा दिल्या.

पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा चेहरा उजळला होता. त्याने सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीसही घरांत निरोप धाडून त्याने सारी मंडळी जमवली, तबिथाबाईंना पुढं बोलावलं, त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि पाऊण तास आपलं पाप कबूल केलं. बायाबापड्या रडल्या. कुणी तरी मोबाइलवर चित्रण केलं, ते लांबलांबच्या गावांत पोहोचलं. अशी कबुली या भागात आजवर एकाही पाळकाने दिली नाही, असं लोक म्हणत होते. दोन गावांनी तर त्याला आपल्या चर्चमध्ये साक्ष द्यायला बोलावलं होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

“तबिथाबाई काय म्हणाल्या?”

शांतवन थबकला. आठवू लागला...

“त्यांना बोलायला वेळच उरला नाही.”

“मग परत जा. या वेळी तू काही बोलू नकोस.”

शांतवनला ते लागलं. आणखी किती नमायचं माणसाने? तीन दिवस तो गेलाच नाही. चौथ्या दिवशी, मनातल्या मनात चरफडत, तबिथाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

त्या गहू निवडत होत्या. त्यांनी त्याला बसायला दिलं, चहा ठेवला. तो गप्प बसला. गप्प बसणं इतकं कष्टाचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. दोन-तीनदा माफी ओठांपर्यंत आली, ती त्याने चहाबरोबर गिळली. तबिथाबाई आधी शेळीबद्दल बोलल्या, मग गुडघ्यांबद्दल. मग बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या...

मग त्यांनी नवऱ्याची गोष्ट काढली. विहिरीच्या कामावर पडून त्याची कंबर मोडली. अकरा वर्षं खाटेवर होता. रोज संध्याकाळी धाकटी जाऊ त्याला पवित्र शास्त्र वाचून दाखवायची, आणि तो बेथेस्दाचाच अध्याय मागायचा. म्हणायचा, तबिथा, तळ्यात पहिला उतरेल तो बरा व्हायचा, पण त्या माणसाला पाण्यात सोडायला कुणी नव्हतं. मला तू आहेस.

एवढं सांगून तबिथाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, रविवारी गाणं कुठलं घेऊ?

शांतवन तिथून थेट गुरुजींकडे आला. या खेपेला त्याने हळू आवाजात, थोडक्यात सांगितलं.

“सहा वर्षं मी तिथं पाळक आहे,” तो म्हणाला. “मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.”

गुरुजींनी शेंगांचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

“रविवारी त्या येणार. त्यांची आळीही येणार. आता यांना मी काय शिकवू, गुरुजी?”

गुरुजी मोठ्याने हसले.

“शिकवायची इतकी घाई कशाला? अजून सत्तेचाळीस घरं राहिलीत.”