ओढ्यापलीकडचे लक्ष्य

एका गावात कौमुदी नावाची तरुण शिक्षिका दूरदेशी शिकून परत आली. तिला वाटले होते, मुलींना धनुर्विद्या शिकवायला धनुष्ये मिळाली की झाले. प्रत्यक्षात धनुष्ये होती, मुलीही तयार होत्या. अडले होते ते अंतरावर.

गावात सपाट जागा होती ती ओढ्याच्या दोन काठांवर. मुली अलीकडून बाण सोडत, लक्ष्य पलीकडे असे. मधल्या पाण्यावरून टेप नीट ताणता येत नसे. "अंतर तालुक्याच्या स्पर्धेइतकंच आहे," असे गावातले वडीलधारे भिवानाना सांगत. लक्ष्य त्यांनीच रोवले होते. तरी स्पर्धेत त्या मुलींतल्या फुलवंतीचे बाण तोकडे पडत. या वेळीही हरली, तर वडील तिचे धनुष्य काढून घेणार होते.

गावाने वर्गणी काढली. तालुक्याच्या दुकानदाराने अंतर मोजणारी दोन यंत्रे एक दिवस पारखायला दिली. एक जुने पण मोठे, दुसरे नवे पण छोटे. किंमत सारखीच. घेता येणार होते एकच.

नानांनी मोठे यंत्र थेट डोंगरावरच्या देवीच्या झेंड्यावर रोखले. आकडा उमटला. टाळ्या पडल्या. छोट्याला झेंडा गाठता आला नाही.

"देवीपर्यंत पोचत नाही, ते काय कामाचं?" नाना म्हणाले.

मग कौमुदीने ओढ्यापलीकडचे लक्ष्य मोजले. मोठ्या यंत्राने दरवेळी वेगळाच आकडा दाखवला. छोट्याने दरवेळी एकच दाखवला, पण तो स्पर्धेच्या अंतराहून बराच कमी!

"खोटारडं आहे मेलं!" कोणीतरी ओरडले.

कौमुदी गोंधळली. खरे कोणाचे मानावे? संध्याकाळी तिने शाळेचा व्हरांडा टेपने मोजला, मग यंत्रांनी. छोटे टेपशी जुळले. मोठ्यावर आकडाच उमटेना; ते फक्त दूरचेच मोजणारे होते. खरे कोणाचे ते कळले, पण तिचा पेच वाढला. म्हणजे लक्ष्यच जवळ रोवलेले! स्पर्धा आठवड्यावर आली होती. आता अंतर वाढवले तर मुली बिचकतील, नाना दुखावतील. गप्प राहिले तर फुलवंती हरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठे यंत्र परत पाठवले आणि छोट्याने मोजून मुलींना स्पर्धेइतक्या अंतरावर मागे नेऊन उभे केले. फुलवंतीचा पहिला बाण ओढ्यात पडला.

"बघा, पोरींना बुडवायला निघाली ही!" नाना कडाडले.

"इथं बुडू द्या, नाना. तिथं स्पर्धेत नको," कौमुदी म्हणाली आणि तिने फुलवंतीच्या हाती दुसरा बाण दिला.

तात्पर्य: साधन किती लांब पोचते हे पाहू नये, आपल्या कामापुरते खरे सांगते का हे पाहावे, आणि ते खरे कडू निघाले तरी मानावे.