बकुळाचा एक दम

एक गाव होतं. नाव नाही सांगणार बरं का! सांगितलं की उद्या तुम्ही सगळे टोपल्या घेऊन परी शोधायला निघाल, आणि तिथल्या टेकडीवरचं गवत तुडवून टाकाल. तर त्या गावात होती एक मुलगी, बकुळा. नुकतंच तेरावं लागलेलं. दोन वेण्या, टपोरे डोळे आणि अंगात ठिगळांचा परकर. घर म्हणजे एक खोली नि पुढे टिचभर ओसरी. आई लोकांच्या गोधड्या शिवायची आणि बकुळा शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची.

तीन वर्षांपूर्वी बकुळाला लांबलचक ताप आला. ताप गेला, पण जाताना अंगातली ताकद घेऊन गेला. चार पावलं पळाली की तिच्या छातीचा भाता सुरू! त्यामुळे झालं काय, की खेळात ती झाली लिंबूटिंबू.

लिंबूटिंबू कोण, ठाऊक आहे ना? खेळात घेतलेला, पण न मोजलेला गडी! तो बाद झाला तरी बाद नाही, त्यानं कुणाला बाद केलं तरी ते खरं नाही. तीन-चार वर्षांची पिल्लं असतात लिंबूटिंबू. आणि तेरा वर्षांची बकुळा त्यांच्यात उभी! खालच्या आळीची म्होरकी होती वच्छी. मनानं चांगली, पण जीभ म्हणजे कात्री. ती म्हणायची, "बके, तू अशी कडेला उभी राहा गं. मधे मधे नको येऊस."

बकुळा हसायची. घरी येऊन मात्र गोधडीत तोंड खुपसून रडायची.

आणि अजून एक दुखणं होतं. दर दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, खालची आळी विरुद्ध वरची आळी असा हुतूतूचा सामना व्हायचा. जिंकलेल्या सातही गड्यांची नावं चावडीच्या भिंतीवर गेरूनं लिहायची. आणि लिहायची कुणी? हरलेल्यांच्या म्होरक्यानं! अशी त्या गावाची रीतच होती. मागे दोनदा खालची आळी जिंकली, दोन्ही वेळा बकुळा मैदानात होती. पण लिंबूटिंबूचं नाव भिंतीवर कोण लिहिणार? त्या भिंतीवर आपलं नाव दिसावं, एवढं एकच तिला हवं होतं.

एका पहाटे शेजारच्या म्हाताऱ्या काशीआजींसाठी फुलं वेचायला बकुळा टेकडी चढली. वर प्राजक्ताचं झाड होतं. खाली नुसता सडा! पांढरी पांढरी फुलं, केशरी केशरी देठ, आणि दवाचे चमचम थेंब. बकुळा धापा टाकत खाली बसली. तेवढ्यात तिला दिसलं, की एक फूल कोळ्याच्या जाळ्यात उलटं लटकलंय आणि चक्क पाय झाडतंय.

"अगंबाई, थांब थांब!" म्हणत तिनं हलक्या हातानं एकेक धागा सोडवला. फुलानं टुणकन गिरकी घेतली. आणि काय सांगू! ते फूल नव्हतंच. ती होती एक इवलीशी परी. दुधासारखे पंख, अंगावर चांदीची चमचम, आणि इवले इवले केशरी पाय!

"केव्हाची लटकलेय मी!" परी पंख झटकत म्हणाली. "गुणाची गं पोर. चल, एक इच्छा देते तुला. एकच हं! आणि माझे नियम तीन. पहिला, ऊन झाडावर पडायच्या आत इथं यायचं, तेही पळत. दुसरा, इच्छा एका दमात सांगायची. मधे श्वास घेतलास की इच्छा भुर्रकन उडाली. आणि तिसरा, वाटेत कुणी अडलेलं दिसलं तर त्याला ओलांडून यायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ये. पण प्राजक्ताचा बहर पाडव्यापर्यंतच हं. मग मी चालले माझ्या देशी."

महिना होता हातात. बकुळाला वाटलं, ह्यात काय अवघड! एक वाक्य तर सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी पळत निघाली. ओढ्यापर्यंत पोचली तोवर पोटात कळ, टेकडीच्या मध्यावर पाय लटपट, आणि वर पोचली तेव्हा तोंडातून निघालं, "प... प... प..."

"अय्या, इच्छा 'प'वरच अडकली!" परी खुदुखुदू हसली. "उद्या ये हो."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बकुळानं वर पोचून जरा जास्त दम धरला आणि म्हणाली, "परीताई, तुम्हाला त्रास होणार नसेल, आणि तुम्ही रागावणार नसाल, तर मी म्हणत होते की मला..." संपला की दम!

परीनं कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, सगळा श्वास मानपानातच घालवलास! इच्छा कुठे राहिली?"

बकुळा स्वतःशीच खो खो हसत टेकडी उतरली. तिच्या लक्षातही आलं नाही, की उतरताना ती पळत होती.

रोज पहाटे आई ओरडायची, "अगं, कुठे निघालीस वाघ मागे लागल्यासारखी? भाकरीचा तुकडा तरी तोंडात टाक!" आणि बकुळा भाकरी हातात घेऊन धूम! कधी वाटेत काशीआजींचं वासरू दाव्यात गुरफटलेलं असायचं. कधी एखाद्या मावशीला लाकडाची मोळी डोक्यावर चढवायला हात हवा असायचा. तिसरा नियम! बकुळा थांबायची, हात द्यायची आणि मग वाचवता येईल तेवढा वेळ वाचवायला दुप्पट जोरात पळायची. दोनदा तर ती पोचेपर्यंत झाडावर ऊन आलं आणि परी काही दिसली नाही. त्या दिवशी ती झाडाखाली बसून रडली, नाक पुसलं, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघाली.

आता इकडे संध्याकाळी काय गंमत होत होती ती ऐका. लंगडीत बकुळा आधी दहा उड्यांत बसायची, ती आता पाऊण अंगण फिरायला लागली. लगोरीत चेंडू आणायला सगळ्यांच्या आधी तीच. एकदा तर पकडापकडीत वच्छी तिच्या मागे लागली आणि वच्छीलाच धाप लागली. "बके, तू हल्ली खातेस तरी काय गं?" वच्छीनं कमरेवर हात ठेवून विचारलं. बकुळा म्हणाली, "भाकरी." खरंच की, भाकरीच खात होती बिचारी, पण आता एकीऐवजी दोन!

आणि उजाडली की हो पाडव्याची पहाट! गावात पणत्या लुकलुकत होत्या, दारोदारी रांगोळ्या, उटण्याचा घमघमाट. बकुळा उठली ती उडतच. आज बहराचा शेवटचा दिवस. इच्छा अगदी पाठ झाली होती: मला लिंबूटिंबू म्हणून नको, पक्का गडी म्हणून खेळायचंय, आणि चावडीच्या भिंतीवर माझं नाव बघायचंय. रात्री अंथरुणात तिनं ती एका दमात म्हणूनही बघितली होती. जमली होती!

ओढ्यापाशी आली, तर दगडाआडून कण्हण्याचा आवाज. बघते तर कोण? वरच्या आळीची म्होरकी रंगू! गावातली सगळ्यात दांडगी खेळाडू ती. पणत्या सोडायला आली आणि शेवाळावरून घसरली. घोटा टम्म सुजलेला, डोळ्यांत पाणी.

"तू जा बाई," रंगू तोंड फिरवून म्हणाली. "आज तुमचीच दिवाळी. मी नसले की जिंकलातच तुम्ही."

एक क्षणभर, अगदी एकच क्षण हं, बकुळाच्या मनात आलं, खरंच की! पण मग तिनं रंगूच्या हनुवटीकडे बघितलं. ती रडू दाबून दाबून थरथरत होती. लिंबूटिंबू म्हणून कडेला उभं राहिल्यावर आपलीही हनुवटी अशीच थरथरते, हे बकुळाला ठाऊक होतं. तिनं ओढणी ओढ्यात भिजवली, घोट्याला गुंडाळली आणि म्हणाली, "इथून हलू नकोस. आलेच!"

आणि ती पळाली. बाप रे, काय पळाली! पूर्वेला आभाळ लाल झालं होतं. ऊन टेकडीच्या पाठीवरून पुढे सरकत होतं, झाडाच्या शेंड्यापासून हातभरच लांब. बकुळाच्या वेण्या मागे उडत होत्या, खडे टपाटप उडत होते, आणि ती झाडाखाली पोचली! परी शेवटच्या फुलावर बसली होती. बकुळानं छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात म्हणाली, "ओढ्यापाशी रंगूचा पाय मुरगळलाय तो बरा कर आणि तिला आज आमच्याशी खेळू दे, ती नसताना जिंकलो तर ते जिंकणं कसलं!"

सगळीकडे एकदम शांत झालं. ओढ्याकडून चांदण्यांचा चुरा उडाल्यासारखी एक चमचम झाली.

"झाला तिचा पाय बरा," परी हळूच म्हणाली. "पण बकू, तुझी इच्छा गं?"

बकुळाचे डोळे भरले. "राहिली."

"छातीवर हात ठेव बघू. धाप लागलीय?"

बकुळानं हात ठेवला. हृदय धडधडत होतं, पण भाता नव्हता. पाय थकले नव्हते. एवढी टेकडी एका पळात चढून, एवढं लांबलचक वाक्य एका दमात बोलून, ती आपली सरळ उभी होती!

"अगंबाई! परीताई, हे तुम्ही केलंत?"

"मी? मी तर नुसती झाडावर बसले होते," परी डोळे मिचकावून म्हणाली. तिनं प्राजक्ताचे मूठभर केशरी देठ बकुळाच्या परकराच्या गाठीला बांधले. "हे जपून ठेव. आणि मी संध्याकाळचा सामना बघूनच जाईन हं!"

बकुळा परत ओढ्यापाशी आली, तर रंगू दोन्ही पायांवर ताठ उभी! उन्हं उतरली आणि चावडीपुढे सारा गाव जमला. तेवढ्यात निरोप आला, की खालच्या आळीचा सातवा गडी पहाटेच मामाच्या गावाला गेला! वच्छीनं डोकं धरलं. बकुळा पुढे झाली. "मला घे. लिंबूटिंबू नाही, पक्का गडी म्हणून."

"बके, बाद झालीस तर खरंच बाद हं. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

वरच्या आळीची पोरं फिदीफिदी हसली. रंगू तेवढी हसली नाही.

त्या दिवशी नियम सोपा होता: बाद झाला तो बाहेर, आणि शेवटी ज्यांचा गडी मैदानात उरेल ते जिंकले. मग काय, धुरळाच धुरळा! रंगू आली की दोन-दोन गडी बाद करून जायची. खालच्या आळीनंही सोडलं नाही. इकडचे गेले, तिकडचे गेले, वच्छीसुद्धा गेली. इकडे उरली एकटी बकुळा. तिकडे उरले लांब टांगांचा शिरपा आणि रंगू.

बकुळानं रेघ ओलांडली. "हुतूतूतूतूतू..." शिरपा मागे सरकला, ती आणखी पुढे. श्वास जपून, जपून. तिनं हूल दिली डावीकडे आणि हात मारला उजवीकडे. शिरपा बाद! तोच रंगूनं झेप घेऊन तिचा पाय धरला.

"दम तोडा तिचा!" वरची आळी ओरडली.

"बके, धर दम!" खालची आळी ओरडली. आणि गर्दीतून आईचा आवाज आला, "बकुळे, पळ गं माझे बाई!"

"तूतूतूतूतू..." बकुळा इंचाइंचानं सरकत होती. छाती जळत होती, कानात घूं घूं होत होतं. तिला टेकडी आठवली, झाडावर सरकणारं ऊन आठवलं. अजून थोडं. अजून थोडं! तिनं अंग लांब केलं, हात लांब केला, बोटं लांब केली, आणि मधल्या बोटाचं टोक रेघेला टेकलं. तेव्हाही तिच्या ओठांवर "तूतू" चालूच होतं. रंगूही बाद!

मग जो गलका झाला म्हणता! वच्छीनं तिला उचलून तीन गिरक्या मारल्या.

रीतीप्रमाणे रंगूनं गेरूची वाटी घेतली आणि भिंतीवर नावं लिहिली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावं लिहून झालं आणि वाटी कोरडी! "गेरू संपला," कुणीतरी म्हणालं, "राहू दे, सहा तर झाली."

"राहू दे कसं?" रंगू गरकन वळली. "पहाटे ओढ्यापाशी माझ्याकडे न बघता ही पुढे गेली असती, तर तुम्ही मला इथं बघितलंच नसतं. हिचं नाव मी लिहिणारच, रक्तानं लिहावं लागलं तरी!"

"रक्त नको गं," बकुळा हसत म्हणाली आणि तिनं परकराची गाठ सोडली. देठ पाण्यात चुरले. पाणी केशरी झालं, झळझळीत केशरी! रंगूनं बोट बुडवून मोठ्या अक्षरांत लिहिलं: बकुळा. गेरूच्या सहा नावांखाली ते सातवं नाव नुसतं उजळून निघालं.

आणि त्या नावाच्या काठावर, केशरी पाय हलवत बसली होती परी. फक्त बकुळालाच दिसत होती. परीनं ओठांवर बोट ठेवलं, गोड हसली, आणि चावडीवर सोनेरी उजेड पसरला. उजेड ओसरला तेव्हा तिथं परी नव्हती. प्राजक्ताचा मंद वास मात्र होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बकुळा पुन्हा टेकडीकडे पळाली. आता तिथं ना बहर, ना परी, ना इच्छा मागायची. तरी पळाली. ओढ्यापाशी मागून पावलं वाजली. रंगू होती, तिच्या मागे डोळे चोळत वच्छी.

"एकटीच निघालीस होय गं?" वच्छी ओरडली. "थांब, आम्हालाही येऊ दे!"

तर मुलांनो, गोष्ट माझी टेकडीवर, आणि तुम्ही अजून जमिनीवर बसलेलेच? उठा बघू, अंगणात पळा!