महिपतीने सॉकेट बसवलं

एका गावात एक भोळा महिपती होता, आणि साऱ्या गावाला तो एकटा पुरत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. हा त्याचा गुण. दोषही तोच.

बायको कौसा मात्र चलाख. यंदा तिने दिवाळीपासून हट्ट धरून शेवयांची मोटारवाली मशीन आणली होती. शुक्रवारी आळीतल्या बाया पिठाचे डबे घेऊन तिच्या अंगणात येणार होत्या. मशीन चालली तर उन्हाळाभर कौसाच्या दारात रांग. नाही चालली तर वरच्या आळीत हौसाबाईची मशीन तयारच होती. आणि एकदा दुसरीच्या दारात गेलेली बाई त्या हंगामात काही परत येत नाही.

अडचण एकच. मशीन अंगणात आणि वीज माजघरात. तेव्हा माजघरातून लांब केबल आणायची, तिच्या टोकाला सॉकेट जोडायचं आणि ते ओट्याच्या भिंतीवर पक्कं बसवायचं. काम वायरमन हसनचाचांचं. पण चाचा आंब्यावरून पडले होते आणि पाय प्लास्टरात घालून ओढ्यापलीकडे घरीच होते.

"आवं, मग तुम्हीच इचारून या आणि बसवा," कौसा म्हणाली. चलाख माणूसही चुकतं ते असं.

महिपती ओढा ओलांडून गेला.

"चाचा, सॉकेट कुठं लावू?"

"पोरासोरांचा हात पोचणार न्हाई, एवढं वर लाव."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

घरी येऊन त्याने आळीतली सगळी पोरं गोळा केली आणि ओट्यावर उड्या मारायला लावली. एकाने उडी मारून हात लावला. महिपतीने खूण वर सरकवली. दुसरा तिसऱ्याच्या खांद्यावर चढला. खूण आणखी वर गेली. चौथा खांबावरून सरसर वर चढला, तेव्हा महिपतीने शिडी आणली आणि सॉकेट थेट आढ्याखाली ठोकलं. आता पोरांचा हात पोचेना. कौसाचा पोचेना. मशीनची वायरही पोचेना.

"आता मशीन काय कौलांवर चढवू?" कौसाने विचारलं.

महिपती परत ओढ्यापलीकडे.

"अरे बाबा, छातीएवढं लाव!" चाचा म्हणाले. "छातीएवढं माप धर आणि वायर सोलून जोडून टाक."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

सॉकेट त्याने छातीएवढ्या उंचीवर बसवलं, अगदी ओळंब्यात. मग वायर सोलायला घेतली. किती सोलायची? माप तर चाचांनी दिलंच होतं. त्याने केबलचं टोक जमिनीला टेकवलं, छातीपर्यंत धरलं आणि तेवढी सगळी सोलली. लाल, काळ्या, हिरव्या सालींचा ढीग पडला आणि मधे तांब्याच्या उघड्या तारा लखलखत राहिल्या. कौसाने कपाळाला हात लावला. नशीब, केबल अजून कुठे जोडलेली नव्हती.

"अरे, त्या उघड्या तारंला कोण शिवलं तर?" चाचा खाटेवरून ओरडले. "तेवढी कापून टाक. फक्त नखभर सोल. लाल, काळी, हिरवी आपापल्या खुणंला लाव. हिरवी अर्थिंगची, तिला सोडू नको. आणि नखभर म्हंजे नखभर!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

त्याने तिन्ही वायरी नखभर सोलल्या आणि आपापल्या जागी घातल्या. हिरवीही सोडली नाही. मग स्क्रू फिरवायला घेतले. किती फिरवायचे? नखभर. प्रत्येक स्क्रू त्याने नखभर फिरवला आणि झाकण लावलं. कौसाने केबल जराशी सरळ करायला हातात धरली, तर ती पिकल्या आंब्याच्या देठासारखी अलगद सुटून आली.

"स्क्रू घट्ट आवळायचा असतो!" चाचांचा आवाज आता बसला होता. "सैल ऱ्हायलं की ठिणगी उडती. काय म्हंजे काय ढिलं ठेवू नको!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

आणि खरंच, स्क्रू त्याने असे आवळले की ओढूनही वायर हलेना. इथे थांबला असता तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण वीस हात केबल जास्तीची उरली होती आणि अंगणात ढिली पडली होती. महिपतीने तिचं वेटोळं केलं, त्यावर गुडघा दिला आणि काथ्याने करकचून बांधलं. कौसाने केबलचं दुसरं टोक माजघरातल्या विजेला लावलं आणि मशीन चालवून पाहिली. मशीन छान चालली. पाव तासाने जळका वास आला, आणि वेटोळ्याला हात लावावा तर चटका.

"गुंडाळून ठेवल्याली केबल तापती रे!" चाचा आता रडकुंडीला आले होते. "बांधल्यालं तापलं की आधी मोकळं सोडायचं. मोकळं!"

"एवढंच ना?"

"व्हय बाबा, एवढंच. जा आता."

महिपतीने काथ्या कापला. केबल उलगडून भिंतीकडेने नीट पसरून टाकली. गुरुवारची दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. सहज म्हणून तो गोठ्यात गेला. म्हैस धापा टाकत होती. त्याने तिच्या पाठीला हात लावला. तापलेली. खाली पाहिलं. बांधलेली.

त्याने लगेच दावं सोडलं.

म्हैस अंगणात आली आणि कौसाने चाचणीसाठी भिजवलेलं पीठ खाऊन गेली. तिथून ती तडक वरच्या आळीत शिरली आणि तिने हौसाबाईच्या दोन खाटांवर वाळत घातलेल्या शेवया फस्त केल्या. हौसाबाई दारात येऊन तासभर बोलली. काय बोलली ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही.

ती गेल्यावर कौसा ओट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. "उद्या बाया येणार, आणि मला हसून जाणार."

कौसा रडली की महिपतीला काही सुचत नसे. त्याच पावली तो ओढा ओलांडून गेला, चाचांच्या हातापाया पडला, आणि शुक्रवारी सकाळी चाचा एका टेम्पोत प्लास्टरचा पाय आडवा टाकून आले. त्यांनी टेस्टर लावला, अर्थिंग पाहिलं, वायर ओढून पाहिली.

"काम चोख हाय की रं," ते चकित होऊन म्हणाले.

महिपती खूश झाला. आतलं कामही दाखवावं म्हणून त्याने चालू सॉकेटच्या झाकणाला पेचकस लावला.

"हात काढ!" चाचा एका पायावर उभे राहून ओरडले. "मेन बंद केल्याबिगर हात लावायचा न्हाई! हात लावला की माणूस गेलं! कळलं?"

महिपतीचा चेहरा उतरला. या वेळी तो 'एवढंच ना' म्हणाला नाही.

चाचा गेले आणि बाया आल्या. अंगणात डब्यांची रांग लागली. कौसाने बटण दाबलं. मशीन गुरगुरली. कौसाने पिठाचा गोळा घेऊन मशीनला हात लावला, आणि मशीन बंद पडली. हात काढला. मशीन सुरू. हात लावला. बंद. असं सात वेळा झालं.

"मशीनला तुझं वावडं हाय गं," एक बाई म्हणाली. दोघींनी डबे उचलले आणि वरच्या आळीची वाट धरली.

कौसा तरातरा माजघरात गेली. महिपती मेन स्विचपाशी उभा होता. अंगाला दरदरून घाम, एक डोळा खिडकीतून अंगणात.

"आवं, ह्ये काय चाललंय?"

"तू हात लावलास की मी मेन बंद करतोय. न्हाईतर माणूस जातं, चाचाच म्हणालं." त्याने बाहीने घाम पुसला. "तू गेलीस तर मी काय करू, कौसा?"

कौसाला त्याचा राग आला होता, पण तो तिला टिकवता येईना.

"मशीनला हात लावून कोण मरत न्हाई," ती समजुतीने म्हणाली. "वीज जिथं असती तिथं हात लावायचा नसतो. आता त्यो मेन चालू करा आणि बाहेर येऊन बसा."

ती गेली. महिपतीने मेनकडे हात नेला आणि तो तसाच थबकला. वीज जिथं असते तिथं. पण वीज तर या मेनमध्येच येते! आणि सकाळपासून आपण त्यालाच तेरा वेळा हात लावला! आता मेनला हात लावायचा तर आधी मेनचा मेन बंद करायला हवा. तो कुठे असेल? खिडकीतून त्याने तारेचा माग काढला. घरातून खांबावर, खांबावरून खांबावर, शेतांवरून पार ओढ्यापलीकडच्या सबस्टेशनकडे. आपण बाहेर आलो नाही तर कौसा स्वतः येऊन मेनला हात लावणार! त्याने मागच्या दाराने सायकल काढली.

कौसा वाट पाहून आत आली, तिनेच मेन चालू केला, आणि काय सांगावं, मशीन झकास चालू लागली. शेवया झरझर उतरल्या. गेलेल्या दोघी वाटेतूनच परत आल्या.

तिकडे सबस्टेशनच्या दारात सायकल आडवी पडली.

"साहेब, लाईट बंद करा! वीज चालू हाय आणि माझी बायको हात लावतीया!"

असं ऐकल्यावर कुठला माणूस कागद विचारत बसेल? आतल्या माणसाने धावत जाऊन मोठा खटका खाली ओढला.

महिपती परत निघाला. वाटेत गिरणी गप्प होती. देवळातला कर्णा अभंगाच्या मधेच थांबला होता. वरच्या आळीतून हौसाबाई हातात पिठाचा गोळा घेऊन खाली येत होती. कौसाच्या अंगणात चाळीस बाया चिडीचूप उभ्या होत्या, आणि मशीनमधून शेवया अर्ध्यावर लोंबत होत्या.

महिपतीने लांबूनच आनंदाने हात हलवला.

"कौसा, भिऊ नगंस! आता मशीनला लाव, मेनला लाव, कशालाबी बिनघोर हात लाव! सात गावांत कुठंच लाईट न्हाई!"