उशाकडचे खडे

"त्याची कबर मीच का खणायची?"

रूबेन ओहोळ पाळकसाहेबांच्या दारात उभा होता.

"पाळी तुझ्या घराची आहे," शांतवन पाळक म्हणाले.

आमच्या चर्चच्या मंडळीत कबर खणायला भाडोत्री माणूस लावत नाहीत. घराघराची पाळी असते, आणि मरण काही पाळी बघून येत नाही.

"त्या मत्तय त्रिभुवननं भर मंडळीत मला दारुडा म्हटलं. पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. मी थेंबाला शिवलो नव्हतो, साहेब!"

"ठाऊक आहे."

"सहा वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही मी. मनात एवढा राग ठेवून कसं घेऊ? वाटायचं, एक दिवस येईल, चुकलो म्हणेल... आता तोच मेला. समेट कुणाशी करू?"

पाळक आत वळले. मग कोपऱ्यातली कुदळ त्याच्या हातात दिली.

"तिथं मुरूम आहे. शांत माणसाची कुदळ आत जात नाही."

"म्हणजे रागानं खणू?"

"आहे तेवढा सगळा घेऊन जा. प्रभूसमोर काढ."

रूबेन गेला. दर घावाला प्रभूकडे एक तक्रार आणि मत्तयला एक शिवी, असं तीन फुटांपर्यंत चाललं. दफनभूमीत शिव्या! नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला आलेल्या मार्थाबाई कानांवर पदर घेऊन निघून गेल्या.

चौथ्या फुटाला शिव्या संपल्या. पाचव्याला तो नुसता रडत होता, पण कुदळ थांबली नाही.

चार वाजता पाळक आले. काठावरून वाकून बघत राहिले. रूबेन खाली गुडघ्यांवर बसून उशाकडचे खडे हाताने वेचत होता.

"ते कशाला?"

"टोचतील त्याला."

"पेटीत असेल ना तो?"

रूबेनचा हात थांबला. मुठीतल्या खड्यांकडे तो बघत राहिला... आणि हसायलाच लागला, डोळे वाहत होते तरी. सहा वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"साहेब... हे कधी झालं?"

पाळकांनी हात खाली दिला.

"वर ये आता. ती जागा तुझी नाही."