ओळ न मोडणारी खिडकी

"आणि खिडकी?" अक्कांनी विचारलं.

"खिडकीचं काय?"

"अक्षर वाढलं, तर तिनं काय करायचं?"

इंद्रनील हसला. हाच प्रश्न अक्कांनी विचारावा म्हणून तो सकाळपासून वाट बघत होता. त्यानं लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"ही कळ दाबा. तुम्हीच बघा."

अक्कांनी चाचपून बोट ठेवलं. पडद्यावरची ओवी वाढली, आणि तिच्याबरोबर तिची खिडकीही रुंदावली. दोन्ही बाजूंनी, सावकाश, झोपेतून उठलेलं मांजर अंग ताणतं तशी. ओळ जिथं संपत होती तिथंच संपली. एक शब्दही खाली घसरला नाही.

"आता मोडत नाही," इंद्रनील म्हणाला.

अक्का मान किंचित तिरकी करून बघत राहिल्या…

डोंगरावरचा तो मठ वर्षातले बरेच महिने ढगातच असे. गोदाक्का तरुणपणी तिथं आल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या. रोज सकाळी त्या आपल्या गुरूंची एक ओवी वाचत. एकच. मग दिवसभर तिच्याबरोबर राहत. भाजी निवडताना, गोठ्यात, ओट्यावर बसल्या बसल्या.

नजर अधू झाली तेव्हा कुणा भक्तानं सगळ्या ओव्या संगणकावर उतरवून दिल्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येई. पण खिडकी होती तेवढीच राही. शब्द मावेनासे झाले की खालच्या ओळीवर जाऊन पडत. एका ओवीच्या सात-आठ तुटक्या ओळी होत.

"हिला दम लागतोय," अक्का म्हणत. "चार पावलं चालते नि बसते."

त्याच सुमाराला इंद्रनील पुण्यातली नोकरी सोडून आला. त्याला अनुग्रह हवा होता. अक्कांनी त्याला आपादमस्तक बघितलं, तेही तिरकंच. मग म्हणाल्या, "आधी माझी ओळ सरळ कर. मग बघू."

त्यानं ती परीक्षा मानली. आणि परीक्षेत नापास होणं त्याला माहीत नव्हतं.

"ओळ सरळ झाली, अक्का," आता तो म्हणाला. "मग… अनुग्रह?"

"कुठवर जाईल ही तुझी खिडकी?"

"पडदा आहे तिथवर."

"आणि पडदा संपला की?"

"मोठा पडदा आणू."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि शेंगा सोलायला बसल्या.

त्या दिवशी तो जेवला नाही.

श्रावणात अक्षर आणखी वाढवावं लागलं. खिडकी लॅपटॉपच्या कडेला जाऊन टेकली. इंद्रनील कोल्हापूरला जाऊन रुंद पडदा घेऊन आला. अक्कांनी दोन आठवडे त्यावर वाचलं. मग तोही अपुरा पडला. 

कोल्हापूरच्याच डॉक्टरांनी अक्कांचे डोळे तपासले. परतताना जीपमध्ये अक्कांनीच त्याला सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"मधोमध डाग आहे म्हणे. जिथं बघावं तिथंच येऊन बसतो. कडेचं दिसत राहील. मधलं जाईल."

"म्हणून तुम्ही मान तिरकी करून बघता?"

"हं. ज्याच्याकडे बघायचं, त्याच्याकडे बघायचं नाही."

इंद्रनील घाटातल्या वळणांकडे बघत राहिला. अक्षर किती मोठं केलं तर ते डागाच्या बाहेर उरेल, याचा तो हिशेब करत होता.

खालच्या गावातले भोसेकर गुरुजी भले माणूस. त्यांनी शाळेचा प्रोजेक्टर दिला. इंद्रनीलनं सभामंडपाची भिंत चुन्यानं पांढरी केली. ओवी भिंतभर उमटली. अक्का बसत, मान वळवून बघत, ओठ हलवत.

"दिसलं?" तो भिंतीकडे बघत विचारी.

"दिसलं."

मग काही दिवसांनी, "अर्धं."

मग नुसताच सुस्कारा…

भिंतही संपली. ओळीचं शेपूट दारातून बाहेर पडलं आणि अंगणातल्या फणसावर जाऊन पुसट झालं. इंद्रनील दाराशी उभा राहून ते बघत होता. त्याच्या खिडकीत खोट नव्हती. अक्षराला जेवढी जागा हवी तेवढी ती देत होती. जगच अपुरं पडत होतं.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी दरीतून ढग वर आला.

तो नेहमीच येई. आधी खालची गावं जात, मग पायवाट, मग फणस. पण त्या दिवशी तो अंगणात येऊन थांबला, आणि इतका दाट, की इंद्रनीलला वाटलं हात लावला तर थंड लागेल. 

तो धावतच आत गेला. प्रोजेक्टर उचलून ओसरीवर आणला. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मागे, उंच स्टुलावर त्यानं तो ठेवला आणि तोंड अंगणाकडे केलं.

धुक्यात अक्षरं उमटली.

वाट गेली वाटेच्या पुढें, चालणारा राहिला उभा…

ती कशावरही टेकलेली नव्हती. श्वास घेतल्यासारखी हलत होती. ओळीच्या टोकाला खिडकीची निळी कड ढगात शिरली होती, आणि पुढे ती होती की नव्हती, कुणाला सांगता आलं नसतं.

"अक्का!" इंद्रनील ओरडला. "आता कड नाही! आता कितीही…"

त्यानं कळ दाबली. ओळ वाढली. पुन्हा दाबली. अर्धीच ओळ राहिली, पण ती केवढी! पुन्हा. एकच शब्द. पुन्हा. शेवटी अंगणात एकटा 'व' उरला, देवळाएवढा, आणि त्याच्या पोटात ढग हळूहळू फिरत होता. बाकीची ओळ कुठल्यातरी दऱ्यांवरून पसरत गेली असेल…

"दिसलं?"



अक्षर धूसर असेल म्हणून तो बघायला उतरला. अंगण ओलांडून थेट आत शिरला. तिथं 'व' नव्हता. नुसता ओला पांढरा उजेड होता. स्वतःचे हात त्याला परक्यासारखे दिसले. कुठल्या बाजूला वळावं, कळेना. पायाखालची माती आहे एवढंच कळत होतं.

कधीतरी, किती वेळानं, तो एका बाजूनं उजेडाबाहेर आला. ओसरीलगतच्या तुळशीपाशी. केस भिजलेले, अंगावर काटा.

ओसरीवर अक्का तशाच बसल्या होत्या. पण त्यांची मान तिरकी नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या समोर बघत होत्या. सरळ. त्या प्रचंड अक्षराच्या मध्यावर.

 

"अक्का, असं नका बघू. असं बघितलं तर दिसणार नाही."

त्या हलल्या नाहीत.

"मोठं करतो. अजून मोठं होतं. खिडकी थांबत नाही आता…"

त्यानं कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"तुम्हाला दिसेनासं झालं तर मी काय करू?" त्याचा आवाज फुटला. "मग मी इथं कशासाठी राहू? सांगा ना!"

ढग ओसरीच्या पायरीपर्यंत आला होता. गोठ्यात गाईनं मान हलवली, घंटा किणकिणली. अक्कांनी मांडीवरचा हात उचलला आणि अक्षराकडची नजर न काढता, तुळशीच्या दिशेनं, त्याच्याकडे नेमका केला.

"किती वाळलास रे," त्या म्हणाल्या. "दाढी पण वाढवलीस."

तो गोंधळला. हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"माझं राहू दे, अक्का. अक्षर दिसलं का, ते सांगा."

"अक्षर नाही दिसलं. त्याच्याकडे बघत होते, म्हणून तू दिसलास."