रातकिड्याची जागा

खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा समोरचे डोंगरसुद्धा बुटके होते म्हणे. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐकलंत तरी चालेल.

एका रानात तळं होतं. तिथं रोज संध्याकाळी तिघं गायचे. बेडूक, टिटवी आणि रातकिडा. बेडकाचा गळा फुगायचा, केवढा? माझी धाकटी जाऊ रुसली की तिचे गाल फुगतात ना, तेवढा.

त्यांची एक रीत होती. सुरुवातीचा सूर द्यायचा रातकिड्यानं. मध्यावर बेडूक-टिटवी गप्प व्हायची आणि तो एकटाच गायचा, केसाएवढ्या बारीक आवाजात. तो थांबला, की काठावरची आंधळी कासवीण म्हणायची, "हूं!" मग पुन्हा सगळे सुरू.

एकदा राजाच्या माळावर जत्रा भरली. तिघांना बोलावणं आलं. समोर हत्ती, गवे, रानडुकरं. नुसत्या शेपट्याच शेपट्या! गाणं मध्यावर आलं, दोघं गप्प झाली. रातकिडा गात होता हो, पण ऐकू कुणाला जातंय! सगळ्यांना वाटलं, संपलं. झाडली बुडं नि निघाले.

बेडकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही मधली जागा काढूनच टाकू," तो म्हणाला.

"अरे, पण तिथं हा गातो ना!" टिटवी म्हणाली.

"गाऊ दे की मनात. आपण पोकळ ओंडका आणू. धडाम धडाम! रानडुकरालासुद्धा ठेका धरता आला पाहिजे."

रातकिडा कसनुसा हसला. "मग मी काय करू, दादा?"

"तू बस आमच्याजवळ. शोभेला."

टिटवीनं मान फिरवली.

पुढच्या जत्रेत ओंडका घुमला. हत्ती नाचले, धुळीनं डुकरं शिंकली, तरी ओरडतायत, "आणखी! आणखी!" मग दुसरा माळ, तिसरा माळ. रातकिडा काही दिवस शोभेला बसला. एके संध्याकाळी उठून तळ्याकडं निघून गेला. कुणाला कळलंसुद्धा नाही. ओंडकाच एवढा मोठा!

बऱ्याच दिवसांनी दोघं तळ्यावर परतली. कासवीण काठावरच होती. त्यांनी तिला माळावरचं गाणं जोरात म्हणून दाखवलं.

"छान हो," ती म्हणाली. "पण बाळांनो, इथं तिघं गायचे. कुठं दिसले का तुम्हाला?"

बेडूक तिच्याजवळ सरकला. "आजी, आम्हीच गं ते. रातकिडा कुठंय?"

"आला होता. रोज सूर द्यायचा आणि तुमची वाट बघायचा. थंडीत गेला बिचारा. त्याचं आयुष्य ते केवढं!"

दोघांनी जुनं गाणं म्हणायला घेतलं. पण सूर कोण देणार? बेडूक वर लावी, टिटवी खाली. चुकतमाकत मध्यावर आली आणि सवयीनं गप्प झाली.

कासविणीनं मान बाहेर काढली. ती थांबली. थांबूनच राहिली. तिचं "हूं" काही आलं नाही.

म्हणून सांगते, गर्दीला ऐकू जावं म्हणून आपल्यातला बारीक आवाज गप्प केला, तर पुढं आपलंच गाणं आपल्याला सापडत नाही.