भीती घालवायचे निखारे

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत महिनाभर भट्टी पेटली नव्हती. 'दुरुस्ती चालू आहे,' एवढंच मालक सांगत. अशात कामगारांना हुरूप यावा म्हणून त्यांनी पुण्याहून एक नावाजलेले वक्ते बोलावले. सरांनी अंगणात निखारे पसरायला लावले. लोखंड वितळवणाऱ्या त्या कारखान्यात महिन्याभरात दिसलेला विस्तव तेवढाच.

"यावरून अनवाणी चाला, मनातली सगळी भीती जळून जाईल!" सर माईकवर गरजले.

कुणी हलेना. शेवटी शामराव चौगुले उठला. अठ्ठावीस वर्षं त्यानं उकळतं लोखंड साच्यात ओतलं होतं. चपला काढून तो बाजाराला निघाल्यासारखा निखाऱ्यांवरून चालत गेला आणि सरांपुढं उभा राहिला.

"सर, यानं भीती नक्की जाते?"

"शंभर टक्के! कुणाचीही!"

"मग आधी मालकांना चालवा. भट्टी का पेटत नाही, ते आम्हाला सांगायला महिनाभर भ्यायलेत ते."

हशा पिकला. पहिल्या रांगेतले मालक मात्र हसले नाहीत. ते उठून माईकपाशी आले, खिशातला घडी घातलेला कागद उघडला आणि मान खाली घालून वाचला. एक तारखेपासून कारखाना कायमचा बंद होणार होता.

हशा जिथल्या तिथं विरला. काहीतरी बोलायचं म्हणून सरांनी शामरावच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची भीती तरी गेली ना?"

"नाही, सर," शामराव चपला शोधत म्हणाला, "आत्ता कुठं सुरू झाली."